मोठेबाबांचं ‘अमान्य’

“हो म्हना, मोठेबाबा! नुसतं हो म्हना!”

हे मी ओरडत होतो, आणि गच्चीवरून ओरडत होतो, कारण शिरपूरच्या आमच्या घरी माझ्या मोबाइलला रेंज यायची तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहावं लागतं. एका हातात फोन, स्पीकर चालू, फोनमध्ये कंपनीची बाई. दुसऱ्या हातानं मी मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, खांदा धरलेला. बाईचं म्हणणं एवढंच होतं, की ग्राहकानं स्वतः अटी ऐकाव्यात आणि स्वतःच्या आवाजात ‘हो’ म्हणावं. मग त्यांच्या कानाचं मशीन चालू होईल. ग्राहकाला ऐकू येत नाही म्हणूनच तर फोन केलाय, हे मी तिला मराठीत सांगून पाहिलं, हिंदीत सांगून पाहिलं, आणि शेवटी वऱ्हाडीत सांगितलं, जी समोरच्याला कळो न कळो, लागते नक्की. बाई म्हणाली, मी आपली अडचण समजू शकते सर, परंतु ग्राहकाची संमती ग्राहकानंच द्यावी लागते.

त्या दिवशी माझा आवाज असा काही लागला होता की जैन मंदिरात दर्शनाला आलेली परगावची मंडळी चपला हातात घेऊन बाहेर आली, आणि तिकडे मालेगावच्या स्टँडवर एका कंडक्टरनं डबल बेल मारून रिकामीच गाडी सोडली. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं तेव्हा जे रिसोडच्या दिशेनं पळालं ते अजून परतलेलं नाही. मोठेबाबांपर्यंत मात्र त्यातलं फारसं काही पोचलं नाही. माझं तोंड हलताना पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि अंदाजानं विचारलं,

“कायले हो म्हनू?”

“मशीन चालू करायले!”

“थे समजलं. पन थे बाई काय म्हनून राह्यली?”

“अटी वाचून राह्यली!”

“कोनत्या?”

आता त्या कोणत्या, हे मला तरी कुठं कळत होतं. बाई अशा वेगानं वाचत होती की तिच्या दोन शब्दांमधून माशीसुद्धा गेली नसती. मी म्हटलं, आपल्याले काय करायचं, तुमी हो म्हना अन् मोकळे व्हा. मोठेबाबांनी खांद्यावरचा माझा हात अलगद काढून ठेवला. “आयकल्याबिगर?” एवढंच म्हणाले, आणि जिना उतरून गेले. फोनमधली बाई म्हणाली, ग्राहकाची संमती न मिळाल्यामुळे आपली विनंती बंद करत आहोत, आपला दिवस शुभ असो.

दिवस गुरुवार होता आणि त्याच्यात शुभ काही नव्हतं.

मोठेबाबांचा बहिरेपणा तालुक्यात नावाजलेला. मागे एकदा मागच्या निंबावर वीज पडली, निंब उभा चिरला, गल्लीतल्या सगळ्यांच्या ताटल्या फडताळातून खाली आल्या, आणि मोठेबाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, कोनी आलं काय. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना अकोल्याला नेलं आणि कानामागे बसणारं ते मशीन घेतलं. मशीन मुगाच्या शेंगेएवढं. अकोल्याच्या दुकानदारानं मोठेबाबांच्या कानाचं माप काढलं, ते माप मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरलं, अ‍ॅप मशीनला जोडलं आणि म्हणाला, आता ऐका. मोठेबाबांनी पहिल्यांदा ऐकलं ते दुकानातल्या पंख्याचं करकरणं. तेवढ्यानं ते असे हसले की मला रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागलं.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणात त्यांनी मोठीआई वाढताना काय पुटपुटते तेही ऐकलं. लग्नापासून ती पुटपुटतच आली होती, आणि त्यांची समजूत होती की ती देवाचं नाव घेते. त्यानंतर बरेच दिवस दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणानं वागत होते.

त्या मशीनवर नाव मात्र मोठेबाबांचं लावलं, आणि आमची चूक झाली ती तिथंच. आमच्याकडे घरातली प्रत्येक वस्तू थोराच्या नावावर असते. विजेचं मीटर त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, माझ्या चुलतभावाच्या खिशातलं मोबाइलचं सिम त्यांच्या नावावर; एकदा गाडी घासली तेव्हा समोरच्या मोटारसायकलवाल्यानं भावाला पोलिसांसमोर विचारलं, गाडी कुणाची, तर त्यानं सवयीनं वडिलांचं नाव सांगितलं, आणि गाडी त्याची नव्हतीच, माझी होती. दुकानदारानं विचारलं, नोंदणी कुणाच्या नावानं करू, तेव्हा आम्ही चौघं एका सुरात बोललो, मोठ्या माणसाच्या. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिणं म्हणजे त्यांना भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीत बसवण्यासारखं वाटलं असतं. कंपनीला हा मान कळला नाही. तिला एवढंच कळलं की ग्राहक म्हणजे हा बहिरा म्हातारा, आणि बोलायचं ते त्याच्याशीच.

झालं असं होतं. मशीन बनवणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं गिळली. गिळताना आम्हाला काही विचारलं नाही, त्याचं काही नाही. आम्हाला विचारून कुणी काही गिळत नाही. पण गिळून झाल्यावर नव्या कंपनीनं अ‍ॅप बदललं आणि सगळ्यांच्या फोनवर नवा करार पाठवला. वर लांबच लांब इंग्रजी, खाली दोन बटणं. त्या बटणांवर मात्र मराठीत लिहिलेलं, तेवढी मेहरबानी. एक ‘मान्य’, एक ‘अमान्य’.

मोठेबाबा सकाळी ओट्यावर चहा पीत बसलेले. फोन थरथरला. त्यांनी चष्मा लावून वरचं इंग्रजी पाहिलं, खालची बटणं पाहिली. आत मोठीआईला विचारलं, हे काय हाय, तिनं सांगितलं, मले काय माहीत. मग न कळलेल्या गोष्टीचं जे करावं असं त्यांना वाटतं तेच त्यांनी केलं. ‘अमान्य’ दाबलं.

त्याच क्षणी जग बंद झालं. चहाचा घोट घशाखाली उतरला, पण त्याचा आवाज आला नाही, असं ते नंतर सांगत होते.

मी वाशीमच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. करार म्हणजे काय, हे मी पोरांना इतकी वर्षं शिकवत आलोय की वर्गाबाहेरच्या टपरीवाल्यालाही ते पाठ आहे. प्रस्ताव, स्वीकृती, मुक्त संमती. मुक्त संमती म्हणजे जिथं माणसाला ‘नाही’ म्हणता येतं तिथलं ‘हो’. फळ्यावर लिहिताना ‘मुक्त’च्या खाली मी दोन रेघा मारतो. आणि माझ्याच घरातल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एका कंपनीला मुक्तपणे ‘नाही’ म्हटलं, तर त्याचे कान काढून घेतले. कायदा म्हणतो, माणसाला विचारल्याशिवाय काही करू नका. कंपनी म्हणते, विचारलं की. दोन बटणं दिली होती. यापेक्षा जास्त काय विचारायचं असतं?

मोठेबाबांची चूक एवढीच, की कुणी विचारलं तर नाही म्हणायची मुभा असते, अशी त्यांची समजूत होती.

मशीन घेऊन मी आधी आमच्या चौकातल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. चाचा मोठेबाबांचे बालमित्र. रेडिओ, घड्याळं, मिक्सर, आता मोबाइल, जे हाताला लागेल ते खोलून बसणारे. त्यांनी खोललेलं सगळंच परत चालू होतं असं नाही, पण आत काय आहे ते कळतं आणि मनाला बरं वाटतं. चाचांनी ते मुगाच्या शेंगेएवढं मशीन उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्याला भिंग लावलं, दिव्याखाली धरलं आणि अपमान झाल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले.

“बापू, याले पेचच नाई,” ते म्हणाले. “खोलू कुठून?”

“मंग?”

“मंग काय. ज्याले पेच नाई थे विकत घेतलंच काहून तुमी?”

पेच नाही हा शोध मला तेव्हा विनोदी वाटला. नंतर वाटेना. चाचांच्या दुकानात पन्नास वर्षांपूर्वीचा रेडिओ आहे. त्याची कंपनी मेली, मालक मेला, ज्यानं तो हुंड्यात घेतला तोही मेला, आणि रेडिओ अजून अकोल्याच्या बातम्या देतो. कारण विकणाऱ्यानं तो विकला होता. ही नवी माणसं विकत नाहीत. आपल्याला वाटतं आपण घेतलं. पैसे मोजून, खोक्यात घालून, देवापुढं ठेवून, हळदीकुंकू लावून आपण ते घेतलेलं असतं. आणि करारात लिहिलेलं असतं की तुम्हाला फक्त वापरायची परवानगी दिली आहे, तीही आमची मर्जी असेल तोवर. म्हणजे शेंग मोठेबाबांची, दाणे कंपनीचे.

अकोल्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, मशीन एकदम ठणठणीत आहे, अ‍ॅपचा प्रॉब्लेम आहे, कंपनीला विचारा. जुन्या कंपनीच्या नंबरवर फोन केला तर नव्या कंपनीचं गाणं वाजलं. नव्या कंपनीचा माणूस म्हणाला, अ‍ॅप आम्ही बनवत नाही, दुसरी एक संस्था बनवते. त्या संस्थेला लिहिलं तर त्यांचं उत्तर आलं की आम्ही फक्त तांत्रिक बाजू पाहतो, अटी विधी विभाग ठरवतो. विधी विभागाला फोन नसतो. त्याला फक्त पत्ता असतो, आणि तो समुद्रापलीकडे असतो. सगळ्यांनी फार सौजन्यानं मला पुढच्याकडे पाठवलं, आणि शेवटच्यानं परत अकोल्याच्या दुकानदाराकडे. सबंध वर्तुळात एकही माणूस असा सापडला नाही जो म्हणेल, होय, हे मी केलं. मी मोठेबाबांना हे सगळं पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी पाटी नीट वाचली आणि बोट लावून विचारलं, याच्यातला मालक कोन? मी पाटी पुसली.

आणि फक्त कानाचा प्रश्न असता तर मी एवढा आटापिटा केला नसता. प्रश्न रविवारचा होता.

रविवारी मोठेबाबांच्या नातीची बैठक ठरलेली. म्हणजे लग्नाची बोलणी. किन्हीराजाची शेती असलेलं घर, मुलगा चांगला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. ही नात कारंज्याला एका दवाखान्यात नर्स आहे. रोज ड्यूटी संपली की तिचा आजोबांना फोन. दवाखान्यात कोण आलं, कोण बरं होऊन गेलं, मेसच्या भाजीत काय नव्हतं, सगळं त्या कानात ओतायची, आणि मोठेबाबा मशीनवर हात ठेवून असे ऐकायचे जसं काही निवडणुकीचा निकाल लागतोय. बाकी सगळी बोलणी झाल्यातच जमा होती. तिचं म्हणणं एकच होतं. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. किन्हीराजाहून कारंज्याला एसटीनं येणं-जाणं करीन. मुलाला मान्य होतं. मुलाचे काका, जे त्या घराचं सगळं बोलणं बोलतात, ते या प्रश्नावर असे काही हसायचे की उत्तर मिळालं असं वाटावं. घरी जाऊन पाहिलं तर हातात काहीच नसायचं.

तिचे वडील, माझा चुलतभाऊ, फार चांगला माणूस आहे. तो कुणालाच नाही म्हणत नाही. एकदा त्यानं विमावाल्याला नाही म्हणायचं टाळण्यासाठी मागच्या दारानं जाऊन दोन दिवस सासुरवाडीला काढले. म्हणून पोरीनं हे काम बापावर सोडलं नाही. ती आजोबांजवळ बसली आणि म्हणाली, तुमीच बोलजा. आमच्या बैठकीची रीत अशी, की एका बाजूच्या थोरानं जे सांगितलं ते दुसऱ्या बाजूच्या थोरानं सगळ्यांसमोर पुन्हा मोठ्यानं म्हणून दाखवायचं. म्हटलं तर तो शब्द पक्का. नाही म्हटलं तर तो नुसता वारा. मोठेबाबा असे शब्द पक्के करण्यात तरबेज. पण त्यासाठी समोरचा काय बोलतो ते ऐकू यावं लागतं, आणि मुलाचे काका तर तूप लावल्यासारखे बोलायचे, हळू, गोड, अर्धं ओठात.

शनिवारी भावानं सुचवलं की रविवारी मोठेबाबांऐवजी आपण दुसऱ्या कुणाला बसवू. तुझंच नाव डोक्यात आहे, तू शिकलेला आहेस. हे बोलताना मोठेबाबा समोरच बसलेले. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण आपल्याविषयी हळू बोलणाऱ्या माणसांचे चेहरे बहिऱ्याइतके कुणालाच वाचता येत नाहीत. ते उठले, खुंटीवरची पांढरी टोपी काढली, झटकली, परत खुंटीला लावली. उद्या ती मीच घालणार, एवढं त्याच्यात होतं. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, काका, तुमी तं कायदा शिकवता. कंपनीले कायद्यानं काहीच करता येत नाई काय? मी म्हटलं, येतं ना. तक्रार करता येते. मंग केली काय? केली. मंग? मंग त्यांचं उत्तर आलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मला तेव्हा माझ्याच धड्यावर इतका राग आला की ते पुस्तक मी गाडीच्या डिकीत टाकलं, ते अजून तिथंच स्टेपनीखाली आहे आणि तिथं त्याचा जास्त उपयोग होतोय.

रविवारी अंगणात सतरंज्या टाकल्या. किन्हीराजाची मंडळी आली, पाणी झालं, पोहे झाले. मोठेबाबा लोडाला टेकून, टोपी डोक्यावर, मुकं मशीन कानामागे तसंच लावलेलं. चाचा त्यांच्या शेजारी. समोर मुलाचे काका; त्यांच्यामागे मुलाचे वडील, जे आल्यापासून फक्त ‘घ्या ना’ आणि ‘बस, बस’ एवढंच बोलले होते. दाराआड बायका, आणि त्यांच्यात पोरगी. तारीख ठरली, जेवणाचं ठरलं, मानपानाला दोन्हीकडून नकार झाला. मग मोठेबाबांनी घसा साफ केला आणि सांगितलं की आमची पोरगी नोकरी करते आणि लग्नानंतरही करणार. याच्यावर तुमचा शब्द सांगा.

काकांनी ते ठेवणीतलं हसू काढलं. हळूच म्हणाले, आता ती आमच्याच घरची, नोकरीचं काय, पाहू ना सवडीनं.

मोठेबाबांनी व्याह्यांकडे पाहत कानाला हात लावला. “आयकू नाई आलं, इवाई. जरा मोठ्यानं.”

काका थोडं मोठ्यानं म्हणाले, सवडीनं पाहू. मोठेबाबांनी मान हलवली, नाही आलं. काका पुढं सरकले, तोंडाजवळ हाताचा द्रोण करून म्हणाले. नाही आलं. चाचांनी फार मदत करत असल्यासारखं सांगितलं, त्याच्या कानाची कंपनी बुडाली हाय साहेब, तुमी उभं राहूनच बोला. काका उभे राहिले. गोड बोलणं बसून होतं. उभं राहून, मान ताणून, सगळ्या अंगणात ते ओरडले,

“नोकरीचं नंतर पाहू!”

शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करणारी बाई थांबली. रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. माझ्या हिशेबानं ते वाक्य किन्हीराजापर्यंत गेलं आणि तिथं काकांच्याच बायकोनं ते ऐकलं. दाराआड बांगड्यांचा आवाज बंद झाला. जे वाक्य ओठातल्या ओठात इतकं घरगुती वाटत होतं ते उघड्यावर आल्यावर अगदी उघडं दिसायला लागलं. काकांच्याच माणसांनी खाली सतरंजीकडे पाहिलं.

मोठेबाबांना ते बहुतेक पोचलं. त्यांनी रीतीप्रमाणे ते परत म्हणून दाखवलं, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून.

“इवाई म्हनून राह्यले, नोकरीचं नंतर पाहू. ठीक. मंग सुपारी बी नंतर फोडू.”

आणि त्यांनी पानाचं तबक स्वतःकडे ओढून घेतलं. माझा भाऊ पांढरा पडला. मागचं दार किती लांब आहे ते तो मोजत होता. मग मुलाचे वडील, ते घ्या ना आणि बस-बसवाले, उठून उभे राहिले. त्यांना ओरडायची सवय नसावी. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. म्हणाले, पोरगी नोकरी करीन. रोज जाईन अन् रोज येईन. स्टँडवर पोरगा सोडून देत जाईन. मोठेबाबांनी तेही परत म्हटलं. दाराआडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, तो मोठेबाबा सोडून सगळ्यांनी ऐकला. सुपारी फुटली.

परतीच्या वाटेवर वाशीमपर्यंत मी गाडीत एकटाच ओरडत आलो. लोकांना वाटलं असेल, माणूस खूश आहे. मी खूश नव्हतो. मला राग याचा होता, की काकांना निदान सतरंजीवर बसवता आलं. त्यांना उभं करता आलं, त्यांचं वाक्य त्यांच्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेता आलं, आणि ते वाक्य ऐकून लाजणारी त्यांची माणसं मागं बसलेली होती. कंपनीला कुठं बसवायचं? तिच्या करारातलं एक कलमसुद्धा असं नाही जे कुणी आमच्या अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणू शकेल. पण म्हणायला कुणी येतच नाही. ती सगळी कलमं ओठातल्या ओठातच राहतात, आणि खाली बटण असतं.

लग्न झालं. पोरगी खरंच जाणं-येणं करते. तिचा नवरा खरंच स्टँडवर सोडतो. संध्याकाळी ड्यूटीवरून निघाली की एसटीतून तिचा फोन येतो. मोठीआई फोन मोठेबाबांच्या हातात देते. ते तो कानाला लावतात, बरोबर त्या मुक्या मशीनवर, आणि काही न ऐकता अंदाजानं बोलतात. हो. हो. जेवली काय. बरं. मग फोन मोठीआईला परत देतात आणि तिचं बोलणं झालं की विचारतात, काय म्हने? मोठीआई सांगते, बरी हाय म्हने. पोरगी पंधरा मिनिटं बोललेली असते. ती पंधरा मिनिटं मोठेबाबांच्या हाती येईपर्यंत दोन शब्द होतात. मी तिथं असलो की ओट्यावरून उठून जातो.

मी तक्रारी करतच राहिलो. इतक्या केल्या की आता कंपनीचं मशीन माझं नाव वाचून आपोआप दिलगिरी व्यक्त करतं. शेवटी एक दिवस मोठेबाबांच्या फोनवर निरोप आला, आपल्या अनुभवाची दखल घेऊन आपल्याला पुन्हा एक संधी देण्यात येत आहे. तोच करार. तीच दोन बटणं. फरक इतकाच, की ‘अमान्य’ आता फिकट रंगात होतं.

मोठेबाबा म्हणाले, या खेपेस सगळं वाचून दाखोव. मी सुट्टी काढली. ओट्यावर बसलो आणि त्या इंग्रजीचं मराठी करत, घशाच्या शिरा ताणत, पोचेना तिथं पाटीवर लिहीत वाचायला लागलो. तो करार छापून अंथरला असता तर शिरपूरहून वाशीमला पायी जाताना पावलं मळली नसती. वाचता वाचता चहा झाला, परत चहा झाला, चाचा येऊन बसले, शेजारची मंडळी येऊन बसली, आणि माझा घसा बसला. एका कलमात होतं, सेवा सुधारण्यासाठी ग्राहकाच्या आसपासच्या आवाजाचे नमुने घेण्याचा आम्हाला अधिकार राहील.

“म्हंजे माह्या कानात बसून थे आयकनार?” मोठेबाबांनी विचारलं.

मी मान हलवली. मोठीआई आतून म्हणाली, मंग मी पुटपुटनं बंदच करतो बापा. पुढच्या कलमात होतं, ऐकू येण्यामुळे किंवा न येण्यामुळे झालेल्या कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. मोठेबाबांनी ते मला परत वाचायला लावलं, आणि रीतीप्रमाणे स्वतःही एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कुणीच हसलं नाही. त्याच्या पुढं, अटी आम्ही केव्हाही बदलू. त्याच्या पुढं, भांडण असेल तर आमच्या गावच्या लवादासमोर. तिथं एसटी जाते काय, चाचांनी विचारलं. शेवटच्या ओळीपर्यंत मी पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून फक्त हवा येत होती, आणि तरी मी मोठेबाबांना सांगितलं, पाटीवर लिहून सांगितलं, की मोठेबाबा, याच्यात एकही गोष्ट तुमच्या बाजूची नाही. आपण लढू. ग्राहक मंचात जाऊ. वर्ष लागेल, दोन लागतील, पण तुम्ही पहिल्यांदा जे दाबलं तेच बरोबर होतं.

त्यांनी पाटी वाचली. मग उन्हं कुठवर आलीत ते पाहिलं. कारंज्याहून गाडी सुटायची वेळ झालेली, आता फोन येणार.

“आन नाई दाबलं तं?” त्यांनी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, तर मशीन मुकंच राहील.

“मंग दाब,” मोठेबाबा म्हणाले.